आढीतला गोलकीपर

माझ्या धाकट्या नणंदेला मी नेमकं काय काम करते, हे आजवर कळलेलं नाही. पुण्यात चारचौघांत ती माझी ओळख करून देते ती अशी, "ही आमची मीनावहिनी. जर्मनीत हॉकीवाल्यांचे पाय चेपते." पूर्वी मला राग यायचा. पुण्यात शिकून, इथे येऊन परक्या भाषेत पुन्हा परीक्षा देऊन शेवटी काय, तर पाय चेपणारी! आता वयाने म्हणा, कंटाळ्याने म्हणा, मी नुसती मान डोलावते. पाय चेपल्याने कुणाचं वाकडं होत नाही. जे वाकडं झालं ते मी पाय चेपत असताना दुसरीकडेच झालं, कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलावर आणि ट्रेनरच्या खोलीत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रेगेन्सबर्गपासून गाडीने तासाभरावर एक छोटं गाव आहे, तिथल्या आइस हॉकी क्लबात मी बरीच वर्षं काम करते. हा सीझन संपला की थांबणार आहे. हॉकी म्हटलं की आपल्याला हिरवं मैदान आठवतं. इथे बर्फ असतो, पायात धारदार पात्यांचे बूट असतात आणि चेंडूऐवजी रबराची जाड चकती असते. ती लागली तर हाड मोडतं, म्हणून खेळाडू डोक्यापासून पायापर्यंत चिलखतात असतात. ते चिलखत कधी पुरतं वाळत नाही. त्यामुळे आमच्या ड्रेसिंग रूमला जो वास येतो, त्याचं वर्णन मी सणासुदीच्या अंकात करणार नाही.

आमचा क्लब तिसऱ्या पायरीवरचा. आमचा कॅप्टन दिवसा लोकांच्या घरात हीटिंगचे पाइप बसवतो आणि संध्याकाळी बर्फावर उतरतो. एकदा तो माझ्याकडे सुजलेलं मनगट घेऊन आला. मी म्हटलं, चकती लागली का? तर म्हणाला, नाही, फ्राउ हुबरच्या तळघरातला बॉयलर. अशा क्लबात खऱ्या अर्थाने व्यावसायिक असतात ती फक्त कोवळी पोरं. ती असतात वरच्या लीगमधल्या बड्या क्लबाची, पण खेळतात आमच्याकडे. त्यासाठी एक परवाना असतो, फोर्डरलिझेन्झ. म्हणजे पोरगा एकाच वेळी दोन्ही क्लबांचा. वरच्यांना गरज पडली की फोन येतो, पोरगा गाडी काढतो आणि ऑटोबानने वर जातो. गरज संपली की त्याच रस्त्याने परत.

यामागचा विचार असा, की पोरांना सावकाश वाढू द्यावं. आमचा ट्रेनर टोनी त्याला 'राइफन' म्हणतो, म्हणजे पिकणं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्या घरातली आंब्याची आढी आठवली. वडील गवतात हापूस लावायचे आणि रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी त्यात हात घालून एकेक फळ चाचपायचे. आढी लावणं कुणालाही जमतं. रोज चाचपून बघणारं माणूस लागतं, आणि ते आमच्या क्लबात कोण आहे, हे मला कधी समजलं नाही.

तरीही मी टोनीच्याच मताची होते. कारण मी फेलिक्सला पाहिलं होतं. फेलिक्स गोल मारणारा पोरगा, हात इतका चपळ की आमचा कॅप्टनही सराव थांबवून बघत राहायचा. वरच्या क्लबाने त्याला अठराव्या वर्षी उचललं. तिथे बायकापोरं असलेले बाप्ये, आणि हा अजून आईला कपडे धुवायला आणून देणारा. वसंतात परत आला तेव्हा मॅचआधी त्याला उलट्या व्हायच्या. माझ्या टेबलावर पालथा पडून राहायचा आणि विचारायचा, "मीना, आज मला ताप आहे असं सांगशील का?" आता तो आखनला इंजिनियरिंग शिकतो. नवीन वर्षाला मेसेज पाठवतो, त्यात हॉकीबद्दल अवाक्षर नसतं.

उलट मारेक. बचाव करणारा, उंच, संथ, कुणाला फारशी आशा नसलेला. तो आमच्याकडे चार हिवाळे राहिला आणि मग वर गेला तो गेलाच. अजून खेळतो. टोनीच्या खोलीत भिंतीवर त्याचा फोटो आहे. कुणा पोराच्या बापाने घाई केली की टोनी काही बोलत नाही, त्या फोटोकडे बोट दाखवतो आणि वाद संपतो.

आपण मराठी माणसं तर मुळातच या पंथाची. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणून हसणारी. माझी स्वतःची पदवी इथे मान्य व्हायला तीन वर्षं लागली. तेवढा काळ मी एका वृद्धाश्रमात चादरी बदलत होते. ती वर्षं वाया गेली नाहीत, खूप अनुभव मिळाला, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे वाया गेली.

अशात ईशान आला. नव्या पोरांच्या यादीत मराठी आडनाव बघून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एकोणीस वर्षांचा गोलकीपर, आईवडील बॉबलिंगेनला. वडील सुहासराव गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, आई वृंदा सॉफ्टवेअरमध्ये. शेजारच्या पोराच्या वाढदिवसाला बर्फावर गेला आणि तिथलाच झाला. सुहासराव मला म्हणाले होते, "अहो, सगळ्यात जास्त सामान गोलकीपरला असतं, हे आधी कुणी सांगितलंच नाही हो आम्हाला." लहानपणी ईशानची ती अवाढव्य बॅग तेच उचलायचे, पहाटेच्या सरावाला, खांदा दुखेपर्यंत.

दर घरच्या मॅचला दोघं यायची. वृंदा डबाभर शंकरपाळे आणायची. टोनी ते बिअरबरोबर खायचा आणि दर वेळी विचारायचा की हे कुत्र्याला चालतात का. ईशान त्यांच्यासमोर मला मीनामावशी म्हणायचा आणि ड्रेसिंग रूममध्ये नुसतं मीना. मराठी त्याला सगळं कळायचं, पण उत्तर कायम जर्मनमध्ये. बाप मराठीत विचारणार, मुलगा जर्मनमध्ये सांगणार, आणि दोघांना त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

पोरगा चांगला होता. माझ्या मताला किंमत नाही, पण कॅप्टन त्याच्यासमोर सरावात मुद्दाम जोरात मारायचा आणि गोल झाला नाही की खूश व्हायचा. बाप्या माणसाला असं करताना मी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत पाहिलं नाही.

आता थोडं शरीराबद्दल. हॉकीचा गोलकीपर चकती अडवायला गुडघ्यांवर पडतो. गुडघे आत, पोटऱ्या बाहेर, दोन्ही पाय बर्फावर सपाट. माणसाचा खुबा या कामासाठी बनलेला नाही. दर वेळी मांडीच्या हाडाची मान खुब्याच्या वाटीच्या काठावर आपटते. दाराची बिजागरी वाकडी बसली की दार लागतं, उघडतं, पण प्रत्येक वेळी थोडं लाकूड खरवडलं जातं. तसंच. काहींचं हाडच असं असतं की चाळिशीपर्यंत चालतं. काहींचं नसतं.

आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. खालच्या लीगमध्ये बचाव कच्चा असतो, म्हणून गोलकीपरवर मारा जास्त होतो. वर जेवढ्या वेळा पडावं लागेल, त्याहून जास्त वेळा तो इथे पडतो. टोनी त्याला अनुभव म्हणतो. मी त्याला झीज म्हणते. एकच गोष्ट, तो वहीच्या जमेच्या बाजूला लिहितो आणि मी खर्चाच्या.

ईशानच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी त्याचा उजवा पाय टेबलावर आत फिरवत होते आणि तो मध्येच थांबला. जिथपर्यंत जायला हवा तिथपर्यंत गेला नाही. ईशानने श्वास धरला. मी डाव्याशी ताडून पाहिलं आणि त्याला ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, सुरुवात आहे. आज ऑपरेशन करण्यासारखं नाही, पण वाटीचा काठ फाटायला लागलाय. दोनतीन चांगले सीझन आहेत, फार ताणू नका.

परत आल्यावर ईशान टेबलावर बसला आणि म्हणाला, "आत्ता तू मावशी नाहीस, ओके? आत्ता तू फिजिओ आहेस. श्वाइगेफ्लिश्ट." म्हणजे गुप्तता. पेशंटचं पेशंटपाशी. कायदाच आहे तो, आणि पोरगा सज्ञान होता.

मी म्हटलं, "आईबाबांना तरी सांग."

"बाबांना कळलं तर दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सिटीचा फॉर्म भरतील. आणि क्लबला कळलं तर मला परवानाच राहणार नाही."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी तोंड शिवलं.

त्या वसंतात उत्तरेकडच्या एका वरच्या क्लबाने त्याला बोलावलं. ईशानचा करार संपत होता, तो जायला मोकळा होता. दुसऱ्या नंबरचा गोलकीपर म्हणून, पण लगेच, येत्या सीझनपासून, वरच्या लीगमध्ये. इकडचा बडा क्लब म्हणाला, नको, अजून एक वर्ष खाली काढ, मग पुढचा पहिला नंबर तुझाच. कागदावर काही नाही, पण हात छातीवर ठेवून.

पाडव्याला वृंदाने मला बॉबलिंगेनला जेवायला बोलावलं. बाल्कनीत गुढी होती, खालच्या मजल्यावरच्या बाईने तो तांब्याचा गडू सुरक्षित बांधला आहे ना, हे दोनदा विचारून घेतलं होतं. श्रीखंड वाढता वाढता विषय निघाला, म्हणजे तो निघणारच होता, माझं बोलावणं त्यासाठीच होतं.

सुहासरावांचं मत पक्कं होतं. "मीनाताई, मी बारावीला होतो. पहिल्या वर्षी मार्क पडले, चांगलं कॉलेज मिळत होतं, पण सर्वोत्तम नाही. माझ्या वडिलांनी एक वर्ष ड्रॉप घ्यायला लावला. सगळे हसले. त्या वर्षात माझा जो पाया पक्का झाला ना, त्यावर मी आज इथे बसलोय. थेंबे थेंबे तळे साचे. आता तिकडे जाऊन हा बेंचवर बसणार. त्यापेक्षा इथे रोज खेळू दे, तयारी वाढू दे. पुढच्या वर्षी पेपर तोच असणार आहे."

मला तिथे बसल्या बसल्या कळलं की चूक कुठे आहे. आपल्याकडे सगळ्या थांबण्याचा नमुना एकच, परीक्षेचा. जितकं थांबाल तितका अभ्यास वाढतो. पुस्तक तेच राहतं, डोकं तेच राहतं, वय तेवढं वाढतं आणि त्याला कुणी मार्क कापत नाही. सुहासराव प्रामाणिकपणे बोलत होते. त्यांच्या आयुष्यात थांबल्याने काहीच झिजलं नव्हतं.

"तुम्ही सांगा," ते माझ्याकडे वळले. "तुमचा यातला अनुभव आहे. एखादं वर्ष खाली खेळला तर बिघडतं का?"

मी ईशानकडे पाहिलं. त्याने ताटातली पुरी मोडली आणि अगदी थोडी मान हलवली. सांगू नकोस, असं.

मी म्हटलं, "खेळायचं त्याला आहे. त्याला विचारा. मी असते तर गेले असते."

"अहो, तुम्ही धाडसी आहात," वृंदा हसून म्हणाली. "बोल रे ईशान."

"पास्ट शोन," ईशान म्हणाला. चालेल. एवढंच.

जाताना त्याने मला गाडीपर्यंत सोडलं. मी कळवळून म्हटलं, "अरे, तुझ्याकडे दोनतीन वर्षं आहेत. ती कुठे खर्च करणार? जा तू." तो म्हणाला, बाबा म्हणतात ते लॉजिकल आहे. आणि मग जर्मन वाक्यात मध्येच एक मराठी शब्द घातला, घरात हजार वेळा ऐकलेला. पाया. अजून पाया व्हायला हवा म्हणाला. मला रडू आलं, ते मी बॉबलिंगेनपासून घरापर्यंत आवरत आले.

मग तो राहिला. एक वर्ष झालं. वरच्या क्लबाने उन्हाळ्यात परदेशातून एक अनुभवी गोलकीपर आणला आणि ईशानला सांगितलं, तू अजून तरुण आहेस, गोलकीपर उशिराच पिकतात. हे खोटंही नाही. गोलकीपर उशिराच पिकतात. ज्यांचा खुबा टिकतो त्यांच्याबद्दल हे बोललं जातं, बाकीच्यांबद्दल कुणी काही बोलत नाही, कारण ते दिसतच नाहीत. मग आणखी एक वर्ष. छातीवर हात ठेवणारा माणूस क्लब सोडून गेला. त्याच्या जागी आलेल्याने विचारलं, कुठला ईशान?

मी जे करता येतं ते केलं. स्नायू मोकळे करायचे, आजूबाजूचे बळकट करायचे, सराव कमी करायला टोनीच्या मागे लागायचं. कारण सांगता येत नव्हतं म्हणून टोनी म्हणायचा, मीना, तू आपल्या गाववाल्याचे फार लाड करतेस. सकाळी ईशानला मोजे घालायला वेळ लागू लागला. बूट तो भिंतीला टेकून घालायचा. सामन्यात मात्र असा पडायचा, असा उठायचा, की बघणाऱ्याला वाटावं, याला काही दुखतच नाही. ते बघणं मला सहन व्हायचं नाही. मी चकती दुसऱ्या टोकाला असेल तेव्हाच बर्फाकडे बघायचे.

आणि मग फोन आला. वरचा पहिला गोलकीपर तापाने पडला होता, ईशानने बेंचवर बसायला यावं. सुहासराव आणि वृंदा गेली, मीही गेले. मोठं स्टेडियम, ढोल, हजारो माणसं. वरच्या क्लबाचा संघ हरत होता. शेवटच्या भागात ट्रेनरने दुसऱ्या नंबरच्या गोलकीपरला बाहेर काढलं आणि ईशानला आत पाठवलं. काय असेल ते असो, बहुधा रागाने, आपल्याच खेळाडूंना लाजवायला. त्या पोराने एकही गोल होऊ दिला नाही. एकदा तर उजवीकडे पूर्ण पसरून त्याने पायाच्या टोकाने चकती अडवली आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. सुहासरावांनी माझा हात धरला. "बघा," ते म्हणाले, "बघा मीनाताई, पाया." त्यांचे डोळे भरले होते. मला फक्त एवढं दिसलं की त्यानंतर ईशान डाव्या पायावर उठला. उजवा त्याने ओढून घेतला.

पुढच्या आठवड्यात सरावात तो खाली पडला आणि उठलाच नाही. काठ पूर्ण फाटला होता, खालची कूर्चाही, म्हणजे हाडावरची मऊ गादी, गेली होती. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. ईशान खाटेवर, सुहासराव आणि वृंदा खुर्च्यांवर, आणि मी दाराशी, कारण ईशाननेच मला थांबायला सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, चालेल, सायकल चालवेल, जिने चढेल. गोलात पडणं नाही. मग मीच पाठवलेल्या त्या जुन्या तपासणीचाही विषय निघाला. वृंदाने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्याचं उत्तर माझ्याकडे कायद्याचंच होतं, म्हणून मी दिलं नाही.

सुहासराव शांतपणे ऐकत होते. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाले, "किती थांबायचं, ते सांगा फक्त. एक वर्ष, दोन वर्षं? थांबायला आम्ही तयार आहोत. आम्हाला सवय आहे."

खाटेवरून ईशान म्हणाला, "बाबा, संपलं."

मराठीत. इतक्या वर्षांत मी त्याला बापाला मराठीत उत्तर देताना ऐकलं नव्हतं. सुहासराव त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग ती मधली वर्षं कसली होती?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला की मुलाला की आणखी कुणाला, ते कळलं नाही. निघताना त्यांनी कोपऱ्यातली गोलकीपरची बॅग उचलली. वृंदा म्हणाली, अहो, राहू द्या, क्लबचा माणूस नेईल. त्यांनी ऐकलं नाही. ती खांद्यावर घेऊन ते पार्किंगपर्यंत चालत गेले, लिफ्ट असताना जिन्याने.

ईशान आता बॉबलिंगेनला एका आयटी कंपनीत शिकाऊ आहे. मी फोन केला की ठीक आहे म्हणतो. वृंदा दिवाळीला शंकरपाळे पाठवते, त्याबरोबर आता चिठ्ठी नसते.

आणि क्लबात नवा गोलकीपर आला आहे. अठरा वर्षांचा, बव्हेरियातलाच, गालावर अजून लव. गेल्या सोमवारी माझ्या टेबलावर होता. मी त्याचे दोन्ही पाय आत फिरवून पाहिले. सुरेख फिरतात, कुठे अडत नाहीत. त्याचे वडील दाराशी उभे होते, हातात टोपी घेऊन. त्याला दुसऱ्या एका क्लबाने वर बोलावलंय, पण टोनी म्हणतो पिकू दे. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही इथे इतकी वर्षं आहात. एखादं वर्ष खाली खेळला तर बिघडतं का?"

या वेळी लपवण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतं. मी म्हटलं, "हो. बिघडतं."

ते भल्या माणसासारखं हसले, माझे आभार मानले आणि टोनीच्या खोलीकडे गेले. दार उघडंच होतं. मला इथून टोनी दिसत नव्हता, पण भिंतीकडे केलेलं त्याचं बोट दिसलं.